कतारची आठ स्टेडियम : कुणी आखली, कुणी बांधली आणि पुढे काय?

ज्यांच्या घरातलं कुणी कतारला आहे, त्यांना ९७४ हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको. मोबाईलवर ९७४ने सुरू होणारा नंबर दिसला की घरातली सगळी माणसं हातातलं काम टाकून फोनभोवती जमतात. दोहाच्या बंदराजवळ, समुद्राला लागून, नेमक्या याच आकड्याच्या नावाचं एक फुटबॉल स्टेडियम आहे. ‘स्टेडियम ९७४’. कतारचा टेलिफोन कोड ९७४, आणि हे स्टेडियम बांधताना वापरलेले मालवाहू कंटेनरही मोजून ९७४. जहाजावर माल लादतात ना, तेच लोखंडी डबे. लाल, पिवळे, निळे. त्यांच्याच आत जिने, दुकानं आणि स्वच्छतागृहं बसवलेली.

२०२२च्या फुटबॉल विश्वचषकासाठी कतारनं अशी आठ स्टेडियम उभी केली. स्पर्धा संपून काळ लोटला, पण तिचा विषय संपलेला नाही. कारण २०३४चा विश्वचषक सौदी अरबस्तानला मिळाला आहे, आणि तिथं काम करायला पुन्हा आपल्याच खेड, महाड, म्हसळा, भिवंडी, मालेगावची मुलं जाणार आहेत. म्हणून कतारमध्ये काय काय झालं हे एकदा नीट समजून घेऊ.

मागे भूगोलाच्या तासाला मुलांनी विचारलं होतं, एवढ्याशा देशात एवढी मोठी स्पर्धा मावली कशी? प्रश्न रास्त आहे. कतारचं क्षेत्रफळ साधारण साडेअकरा हजार चौरस किलोमीटर. आपला पुणे जिल्हासुद्धा त्याहून मोठा. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, त्यातले मूळ नागरिक जेमतेम साडेतीन लाख. बाकी सगळे बाहेरून रोजीसाठी आलेले, आणि त्यात सर्वांत मोठा गट आपल्या भारतीयांचाच. २ डिसेंबर २०१० रोजी झुरिचमध्ये मतदान झालं, शेवटच्या फेरीत कतारनं अमेरिकेला १४ विरुद्ध ८ मतांनी हरवलं आणि जग चकित झालं. मतांची खरेदी-विक्री झाली असे आरोपही झाले, चौकशाही झाल्या. त्या खोलात आज जात नाही.

यजमान शहरं म्हणून पाच नावं सांगितली गेली : दोहा, लुसैल, अल रय्यान, अल वक्रा आणि अल खोर. खरं तर यातली बरीचशी दोहाची उपनगरंच म्हणा ना. सर्वांत लांबची दोन स्टेडियम, उत्तरेचं अल बैत आणि दक्षिणेचं अल जनूब, यांच्यात फक्त ७५ किलोमीटरचं अंतर. २०२६च्या स्पर्धेशी तुलना करा. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको मिळून १६ शहरं, ४८ संघ, १०४ सामने. त्यातल्या व्हँकुव्हरपासून मायामीपर्यंत सरळ रेषेत साडेचार हजार किलोमीटर! कतारमध्ये प्रेक्षक दुपारी एक सामना पाहून मेट्रोनं रात्रीच्या दुसऱ्या सामन्याला जाऊ शकत होता.

मेट्रो म्हणजे या स्पर्धेचा कणाच. २०१९ मध्ये सुरू झाली. लाल, हिरवी आणि सोनेरी अशा तीन मार्गिका, ३७ स्थानकं. आठपैकी पाच स्टेडियमना मेट्रोतून उतरून चालत जाता येत होतं. अल जनूब, अल थुमामा आणि अल बैत या तिघांसाठी स्थानकावरून बस. तिकीटधारकांना मेट्रो फुकट. मोठ्या स्पर्धेसाठी झालेल्या खर्चातलं खरोखर लोकांच्या रोजच्या उपयोगाला काय आलं, असं विचारलं तर मी आधी मेट्रोचंच नाव घेईन.

कोणतं स्टेडियम कुठं?

फिफाचा नियम असा आहे की अंतिम सामन्यासाठी किमान ८० हजार, उपांत्यसाठी ६० हजार आणि बाकी सामन्यांसाठी किमान ४० हजार प्रेक्षकांची सोय हवी. कतारचे आकडे या नियमाला अगदी चिकटून आहेत. लुसैल ८८,९६६. अल बैत ६८,८९५. उरलेली सहा सगळी ४४ ते ४६ हजारांच्या दरम्यान. आठांची बेरीज करून पाहिली तर सव्वाचार लाखांच्या वर जाते. म्हणजे कतारच्या एकूण एक नागरिकाला, तान्ह्या बाळासकट, एकाच दिवशी बसवलं तरी हजारो खुर्च्या रिकाम्या राहतील. मूळ प्रस्तावात तर बारा स्टेडियम होती, नंतर ती आठवर आणली, हे बरंच झालं.

लुसैल हे दोहाच्या उत्तरेला नव्यानं वसवलेलं शहर. तिथलं स्टेडियम म्हणजे एक मोठा सोनेरी वाडगा. अरबी घरांतल्या फानूसातून, म्हणजे कंदिलातून, झिरपणारा उजेड आणि धातूच्या भांड्यांवरची नक्षी यांवरून त्याची कल्पना घेतली. इंग्लंडच्या नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीचा आराखडा. इथंच २२ नोव्हेंबरला सौदी अरबस्ताननं अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं, आणि इथंच १८ डिसेंबरला तोच अर्जेंटिना फ्रान्सला पेनल्टीवर हरवून जगज्जेता झाला.

अल खोरचं अल बैत स्टेडियम वाळवंटातल्या बदूंच्या तंबूसारखं आहे. ‘बैत’ म्हणजे घर, हे उर्दू येणाऱ्यांना सांगायची गरज नाही. पाहुण्याला आधी तंबूत घ्यायचं, मग कोण-कुठला विचारायचं, ही जुनी अरब रीत. उद्घाटनाचा सामना म्हणूनच तिथं ठेवला. त्या दिवशी घानिम अल मुफ्ताह या तरुणानं कुरआनची तिलावत केली, ती अनेक घरांत टीव्हीसमोर बसून ऐकली गेली.

अल वक्रा हे जुनं मासेमारीचं आणि मोती काढणाऱ्यांचं गाव. तिथलं अल जनूब स्टेडियम झाहा हदीद या इराकी-ब्रिटिश वास्तुरचनाकार महिलेच्या कंपनीनं आखलं, आणि छपराला ‘धाव’ नावाच्या शिडाच्या जहाजाचा आकार दिला. ही जहाजं आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही नवी नाहीत. एकेकाळी आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती, आणि १९६६ पर्यंत कतारमध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेचा रुपया चालत होता. आज आपण रियाल घरी पाठवतो, तेव्हा रुपया तिकडे जात होता! हे मुलांना सांगितलं की त्यांना खरंच वाटत नाही.

अल थुमामा स्टेडियम पाहिलं की आपल्या माणसाला लगेच ओळख पटते. ती सरळसरळ जाळीची पांढरी टोपी आहे. अरब लोक डोक्यावरच्या रुमालाखाली जी ‘गहफिया’ घालतात, तीच. इब्राहिम जैदा या कतारी वास्तुरचनाकाराचं हे काम. याच टोपीखाली १० डिसेंबरला मोरोक्कोनं पोर्तुगालला १-० हरवलं आणि उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी, पहिला अरब देश ठरला. सामन्यानंतर सोफियान बुफाल आपल्या अम्मीला मैदानावर घेऊन नाचला. गोल कुणी केला हे विसरलेली माणसंसुद्धा ते दृश्य विसरलेली नाहीत.

उरलेल्यांपैकी एज्युकेशन सिटी स्टेडियम विद्यापीठांच्या आवारात आहे, बाहेरून हिऱ्यासारखे पैलू पाडलेलं. खलीफा इंटरनॅशनल हे एकच जुनं, १९७६चं, नव्यानं दुरुस्त केलेलं. आणि अल रय्यानचं अहमद बिन अली. हे बांधण्याचं कंत्राट एका कतारी कंपनीबरोबर मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोकडे होतं. जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात भारताचा संघ ऑस्ट्रेलिया आणि उझबेकिस्तानविरुद्ध याच मैदानावर खेळला. दोन्ही सामने हरला, पण गॅलरीत तिरंगे कमी नव्हते.

थंड हवा कुठून येते?

कतारच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढं जातो. म्हणून २०१५ मध्ये फिफानं स्पर्धा जून-जुलैऐवजी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घेण्याचं ठरवलं. तरीही सात स्टेडियममध्ये एअर कंडिशनिंगची व्यवस्था आहे. उघड्या छपराच्या जागी एसी कसा चालतो, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडला होता.

त्यामागचं विज्ञान आठवीच्या पुस्तकातलं आहे. थंड हवा जड असते, ती खाली बसते. कतार विद्यापीठातले प्राध्यापक सौद अब्दुल गनी यांनी याचाच उपयोग केला. लोक त्यांना कौतुकानं ‘डॉक्टर कूल’ म्हणतात. थंड केलेली हवा खुर्च्यांच्या खालच्या जाळ्यांतून आणि मैदानाच्या कडेच्या मोठ्या नळ्यांतून सोडायची. सगळं स्टेडियम गार करत बसायचं नाही, फक्त माणूस जिथं आहे तेवढी जमिनीलगतची सुमारे दोन मीटरची पट्टी. ती हवा थोडी तापली की परत ओढून घ्यायची, गाळायची, पुन्हा थंड करून सोडायची. बाहेरचा गरम वारा आत शिरू नये म्हणून छपराचा आकारच तसा ठेवायचा. विजेची बचत होते, पण वीज लागतेच. ‘पर्यावरणपूरक विश्वचषक’ हा शब्द म्हणूनच मला थोडा जड वाटतो.

एसी नसलेलं एकमेव स्टेडियम म्हणजे आपलं ९७४. समुद्राचा वारा, आणि तिथले सातही सामने संध्याकाळी सात किंवा रात्री दहा वाजता ठेवलेले.

आता हे सगळं सांगितल्यावर साहजिकच मनात येतं, की खेळाडूंसाठी नव्वद मिनिटांची एवढी काळजी, मग बांधणाऱ्यांचं काय? स्पर्धा थंडीत गेली, बांधकाम मात्र दहा उन्हाळे चाललं.

ज्यांनी बांधलं ते

स्पर्धेच्या वेळी पाश्चात्त्य माध्यमांतून कतारवर बरीच टीका झाली. तिच्यातली काही टीका दुटप्पी होती असं माझं मत आहे. सामन्यांच्या दोन दिवस आधी स्टेडियम परिसरात बिअर विकायला मनाई झाली, तर त्यावरच केवढा गदारोळ! त्यामुळे आपल्याकडे अनेकांनी सरसकट सगळीच टीका ‘मुस्लिम देशाबद्दलचा आकस’ म्हणून झटकून टाकली. इथं थांबायला हवं. कामगारांचा प्रश्न बीअरच्या रांगेत बसवण्यासारखा नव्हता. तो नेपाळ, बांगलादेश, केरळ, बिहार, तेलंगणा आणि आपल्या कोकणातल्या घरांचा प्रश्न होता.

‘कफील’ हा शब्द आपल्याकडे नवा नाही. आखातात कामगाराचा व्हिसा एका मालकाच्या नावावर असतो, तो त्याचा कफील. जुन्या पद्धतीत नोकरी बदलायची तर कफीलची लेखी परवानगी लागे, देश सोडायचा तरी त्याचीच परवानगी. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. पगार थकला तर माणूस ना काम सोडू शकतो, ना घरी परतू शकतो.

विश्वचषकामुळे जगाचं लक्ष गेलं आणि दबाव वाढला, हेही खरं. २०१७ मध्ये कतारनं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेशी करार केला, पुढच्या वर्षी संघटनेचं कार्यालय दोहात उघडलं. २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट गेली. २०२० मध्ये नोकरी बदलताना मालकाच्या परवानगीची अट काढली. मार्च २०२१ पासून किमान पगार १,००० रियाल लागू झाला. राहण्या-जेवणाची सोय मालकानं केली नाही तर राहण्याचे ५०० आणि जेवणाचे ३०० रियाल वेगळे. त्याच वर्षी १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम घेण्यास बंदी आली. कागदावर हे बदल मोठे आहेत, आखातातल्या इतर देशांच्या तुलनेत पुढचेही. पण प्रत्यक्षात पगार थकण्याच्या, मालकानं अडवण्याच्या तक्रारी त्यानंतरही येत राहिल्या.

मृत्यूंच्या आकड्यावरून सर्वांत जास्त गोंधळ झाला, तो उलगडून सांगतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘द गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्रानं छापलं की २०१० नंतरच्या दहा वर्षांत भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या पाच देशांचे ६,५०० हून अधिक स्थलांतरित कामगार कतारमध्ये मरण पावले. त्यात भारतीय २,७११. हा आकडा सगळ्या प्रकारच्या मृत्यूंचा आणि सगळ्या कामांतल्या लोकांचा आहे. आजारानं गेलेले, रस्ता अपघातात गेलेले, सगळे त्यात आले. त्यामुळे ‘स्टेडियम बांधताना साडेसहा हजार मेले’ असं जे फिरवलं गेलं ते बरोबर नाही. दुसऱ्या टोकाला आयोजकांचा आकडा होता : स्टेडियमच्या जागी कामामुळे झालेले मृत्यू ३, आणि तिथल्याच कामगारांचे इतर कारणांनी झालेले ३७. हाही अपुराच, कारण मेट्रो, रस्ते, हॉटेलं, अख्खं लुसैल शहर त्यात धरलेलं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं फक्त २०२० या एका वर्षाची नोंद तपासली तर देशभरात कामावरचे ५० मृत्यू आणि ५०६ गंभीर जखमी निघाले. स्पर्धा चालू असताना आयोजन समितीचे प्रमुख हसन अल थवादी एका मुलाखतीत ‘चारशे ते पाचशे’ असं बोलून गेले. मग समितीनं खुलासा केला की तो २०१४ ते २०२० या काळातला, सर्व क्षेत्रांतला ४१४ मृत्यूंचा देशव्यापी आकडा आहे.

माझ्या मते आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट मृत्यूच्या दाखल्यावर आहे. अनेक तरुण, धडधाकट माणसांच्या दाखल्यावर ‘नैसर्गिक मृत्यू’ किंवा ‘हृदय बंद पडल्यामुळे’ एवढंच लिहिलं गेलं. हृदय तर प्रत्येकाचंच शेवटी बंद पडतं! ते का पडलं, दिवसभर उन्हात काम केल्यामुळे का, हे तपासलंच जात नाही. आणि एकदा ‘नैसर्गिक’ लिहिलं की तो कामावरचा मृत्यू धरत नाहीत, भरपाईचा हक्क बुडतो. पेटी घरी येते, सोबत एक कागद येतो, आणि त्या कागदावरच्या एका शब्दामुळे मागे राहिलेल्या बायको-मुलांच्या हातात काहीच पडत नाही.

ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं मे २०२२ मध्ये मागणी केली होती की फिफानं बक्षिसांच्या रकमेइतके, म्हणजे किमान ४४ कोटी डॉलर, कामगारांच्या नुकसानभरपाईसाठी बाजूला काढावेत. ते झालं नाही. नंतर फिफानं ५ कोटी डॉलरचा एक निधी जाहीर केला, तोही आरोग्य, निर्वासित यांसारख्या कामांसाठी आंतरराष्ट्रीय संस्थांकडे जाणारा. कामगारांच्या घरी नाही.

आता त्या स्टेडियमचं काय होतं?

ठरलं असं होतं की वरच्या मजल्यांवरच्या खुर्च्या, एकूण सुमारे १ लाख ७० हजार, काढून गरीब देशांना द्यायच्या आणि स्टेडियम लहान करायची. ९७४ तर पूर्णच उकलून दुसरीकडे नेता येईल असं बांधलं होतं. पण स्पर्धा संपताच घाईनं काही उकललं गेलं नाही. डिसेंबर २०२४ मध्येही तिथं सामने झाले. आशियाई चषकाला विश्वचषकाच्या आठपैकी सात स्टेडियम वापरली गेली आणि लुसैलच्या अंतिम सामन्यात कतार जॉर्डनला हरवून विजेता ठरला. एका स्पर्धेसाठी बांधलेलं दुसऱ्या स्पर्धेनं भरायचं, असं सध्या चाललं आहे. तेल आणि वायूचा पैसा आहे म्हणून परवडतं. संपूर्ण तयारीचा खर्च दोनशे अब्ज डॉलरच्या वर सांगितला जातो, त्यात स्टेडियमचा वाटा लहान, बाकी मेट्रो, विमानतळ, रस्ते आणि शहरं.

आता सौदीकडे वळू. ११ डिसेंबर २०२४ रोजी २०३४चं यजमानपद जाहीर झालं. रियाध, जेद्दा, अल खोबर, अभा आणि निओम अशी पाच शहरं, १५ स्टेडियम. अंतिम सामना रियाधच्या किंग सलमान स्टेडियममध्ये, ९२ हजार क्षमतेच्या. संघ ३२ नाहीत, ४८. कतारपेक्षा काम कितीतरी मोठं आणि वर्षंही हातात थोडीच. म्हणजे मोहल्ल्या-मोहल्ल्यांत एजंट फिरणार. गवंडी, फिटर, वेल्डर, सुतार, स्कॅफोल्डिंगवाले, ड्रायव्हर, सगळे लागणार.

ज्या घरातून मुलगा निघणार असेल त्यांनी चार गोष्टी आधीच पाहून ठेवाव्यात. एजंटचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नावानिशी तपासता येतो. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याच्यावर एक रुपयाही घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणारा, ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देऊ’ म्हणणारा, दोघांपासून लांब राहायचं. दहावी पास नसलेल्याचा पासपोर्ट साधारणपणे ईसीआर प्रकारात येतो आणि त्याला सौदी किंवा कतारला कामासाठी जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. तिला अडथळा समजू नका. त्या मंजुरीसाठीच करार पोर्टलवर चढतो, पगाराचा आकडा नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि कवच १० लाखांचं. पण हे दहा लाख अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहेत. म्हणून दाखल्यावर काय लिहिलंय हे इथंही आडवं येतं. अशा वेळी घरच्यांनी मय्यत लवकर आणण्याच्या घाईत कागदावर सही करण्याआधी दूतावासाकडे मृत्यूचं नेमकं कारण लेखी मागावं. परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार घरबसल्या नोंदवता येते. त्यासाठी मुलाच्या पासपोर्टची, व्हिसाची, कराराची आणि इकामा मिळाल्यावर त्याचीही झेरॉक्स घरात असायला हवी, फक्त त्याच्या मोबाईलमध्ये असून चालत नाही.